परत केलेलं नाव

"नावं विकता म्हंजे बारशाची का वो?" नांदेडच्या बसस्थानकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी मला विचारलं होतं. मी हौसेनं त्यांना माझं कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, "नावाला बी पैसे पडतेत! काय काळ आलाय," म्हणाल्या आणि कार्ड माझ्याच हातात परत ठेवलं. मी अशी काही हबकले की समोर लागलेली माझी गाडी मला दिसलीच नाही. पुढं वीसेक वर्षं नांदेडला आणि मधली काही वर्षं लातूरला मी हाच धंदा केला. माणसाला हळूहळू सगळ्याची सवय होते म्हणतात. मला हबकायची सवय काही झाली नाही, दरवेळी नव्यानंच हबकत आले.

धंदा तसा सरळ आहे. वेबसाइट म्हणजे दुकान धरलं, तर त्या दुकानाचा पत्ता म्हणजे डोमेन, ते 'अमुक डॉट कॉम', 'तमुक डॉट इन' वगैरे. जगात एक पत्ता एकालाच मिळतो आणि तोही कायमचा नाही, वर्षाच्या बोलीनं. वर्ष सरलं की पुन्हा पैसे भरायचे, नाही भरले तर नाव गेलं. वर मोठ्या कंपन्या या नावांची नोंद ठेवतात, आम्ही गावोगावचे त्यांचे आडते. सोयाबीनच्या आडत्याला निदान पोतं दाखवता येतं. माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं, त्यामुळं सगळा व्यवहार विश्वासावर.

आणि या धंद्यात विश्वासाची परीक्षा होते ती माल परत करताना. कापडाच्या दुकानात साडी परत आली की ती घडी घालून पुन्हा फळीवर जाते. नाव परत आलं की ते माझ्या फळीवर येत नाही. ते सुटतं, म्हणजे जगात ज्याला हवं त्यानं उचलावं. त्यातही घेतल्यापासून चार-पाच दिवसांत परत केलं तरच वरची कंपनी पैसे सोडते, नंतर छदाम नाही. म्हणून बहुतेक दुकानदार लिहूनच टाकतात, की एकदा घेतलेलं नाव परत होणार नाही. मी मात्र पाटी लावली होती: 'पसंत नसेल तर चार दिवसांत पैसे परत. कारण विचारणार नाही.'

ही पाटी माझी नव्हे, माझ्या वडिलांची. नांदेडच्याच वजिराबादेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते म्हणायचे, साडी परत घेऊन आलेल्या बाईला कारण विचारू नये. कारण साडीत नसतं, तिच्या घरात असतं. त्यांचे नियम दोनच होते. बोहनीच्या आधी माल परत घ्यायचा नाही आणि दिवे लागल्यावर घ्यायचा नाही. सकाळी पहिली विक्री व्हायच्या आत गल्ल्यातून पैसे बाहेर गेले तर दिवस कोरडा जातो, ही बाजाराची जुनी समजूत. मी कॉम्प्युटरपुढं बसून ती पाळायची. आता धंदा बघणारी माझी भाची यावर मनसोक्त हसते. हसू दे बापडी.

या पाटीनं मला गिऱ्हाइकं मिळवून दिली तशी डोकेदुखीही. इस्लापूरकडच्या एकानं सहस्रकुंडाच्या वाटेवर चार खोल्या बांधल्या आणि धबधब्यावरून नाव घेतलं. भर उन्हाळ्यात गडी दारात हजर. म्हणाला, "मॅडम, नाव वापस घ्या." मी म्हटलं, घेऊन सहा महिने झाले की! तर म्हणतो, "ते बरोबर हाय, पण धबधबाच आटला ना." मी मस्करी असेल म्हणून हसायला गेले, तर त्याचा चेहरा एकदम गंभीर. शेवटी त्याला चहा पाजला आणि पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. श्रावणात त्याच्या खोल्या भरल्या तेव्हा तो पेढे घेऊन आला, जणू पाणी मीच वरून सोडलं होतं.

लातूरचा किस्सा असा हसण्यावारी जाणारा नाही. लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. एका सरांनी स्वतःच्या नावानं क्लास काढला, त्याच नावाचं डोमेन माझ्याकडून घेतलं, वर्षभर त्यावर पोरांचे फोटो झळकले. निकाल मनासारखा लागला नाही आणि सर आले. "नावाचा गुण आला नाही, मॅडम. पैसे परत करा." लग्नात मिरवलेली साडी वरणाच्या डागासकट परत आणावी, तसा प्रकार. मी नाही म्हटलं. मग ते इरेला पेटले. पुढचे पैसे भरणार नाही म्हणाले. मी चारदा फोन करून सांगितलं, सर, नाव सोडू नका, सुटलेली नावं टिपायला माणसं जगभर यंत्रं लावून बसलेली असतात. सर म्हणाले, "माझ्या नावाचं कोण काय करणार?"

काय केलं ते एका पालकाच्या फोनवरून कळलं. "मॅडम, सरांनी जुगाराचा अड्डा चालू केला काय?" मी पत्ता उघडून बघितला. वर सरांचं नाव जसंच्या तसं आणि खाली पत्ते, फासे, नाचऱ्या बाया. सर माझ्या ऑफिसात समोरच्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडले, पन्नाशीचा माणूस. नाव परत मिळालंच नाही. नावासाठी माणूस असा रडतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं आणि फार वाईट वाटलं.

हे सगळं सांगायचं कारण, पुढं जे घडलं त्या वेळी ते सर सारखे माझ्या डोळ्यापुढं होते.

एकदा हदगाव तालुक्यातल्या एका गावचे बालाजीराव म्हणून गृहस्थ नांदेडच्या ऑफिसात आले. पांढरा सदरा, गळ्यात गमजा, हातात तेलाची बाटली. बाटली टेबलावर ठेवून म्हणाले, "आमची वहिनी लाकडी घाण्यावर करडीचं तेल काढती. हैदराबादला लई चालून राहिलंय. लोक 'शेवंताबाईचं तेल' म्हणूनच मागतेत. त्या नावाचं तेवढं इंटरनेटवर करून द्या." त्यांचा नांदेडला बाजारानिमित्त येण्याजाण्याचा राबता, म्हणून घरच्यांनी त्यांना धाडलेलं. पैसे त्यांनी भरले, फोन नंबर त्यांचा लागला, नोंदही त्यांच्याच नावानं झाली. आमच्याकडं असंच चालायचं. घाणा बाई चालवणार आणि तालुक्याला, जिल्ह्याला पुरुष जाणार.

फक्त माझी एक रीत होती. एखाद्या जित्याजागत्या माणसाच्या नावाचं डोमेन असलं तर त्या माणसाशी एकदा फोनवर बोलायचं. मी शेवंताबाईंना फोन लावला. मागं घाण्याची घरघर चालू होती. त्यांनी एकच विचारलं, "ताई, डब्यावरचे कागद छापायला टाकायचेत. नाव पक्कं झालं का? छापू?"

मी म्हटलं, "छापा की. नाव तुमचंच आहे."

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी नुकतंच ऑफिस उघडून उदबत्ती लावली होती, तर बालाजीराव दारात. पाटीकडं बोट दाखवून म्हणाले, "ते नाव वापस करायचं हाय."

मी चाट पडले. पण पाटी माझीच. कारण विचारायची सोय नाही. मी म्हटलं, "करू. पण अजून बोहनी झाली नाही. बसा जरा."

बालाजीराव बसले. बाजारातला माणूस, बोहनीचं महत्त्व मी त्यांना सांगायला नको. चहा झाला, पेपर वाचून झाला. गिऱ्हाईक काही येईना. त्यांची हदगावची गाडी जवळ आली, तशी त्यांची चुळबुळ वाढली. अखेर गुडघ्यावर थाप मारून ते म्हणाले, "असं करा ताई, बोहनी माझ्याकडूनच घ्या. तसं बी एक नवीन नाव घ्यायचंच होतं. ते आधी करा, मग जुनं वापस करा."

"कोणतं नाव?"

"बालाजी तेल."

माझा कीबोर्डवरचा हात तिथंच थांबला.

"देवाचं नाव हाय, ताई," ते घाईनं म्हणाले. "मी कुठं माझं म्हणलो?"

बोहनीपायी माणसानं पोटातलं आपणहून टेबलावर आणून ठेवलं. मी विचारलं नव्हतं, तरी ते मग सांगतच गेले. पुतणीला बघायला पाव्हणे आले होते. त्यातल्या एका पोरानं फोनवर शेवंताबाईच्या नावाचा पत्ता काढून सगळ्यांना दाखवला आणि पाव्हण्यांतला म्हातारा म्हणाला, "तुमचं घर बाईच्या नावावर चालतंय म्हणा की!" बैठकीत हशा झाला. बालाजीरावांना ते लागलं. आता तेल तेच, घाणा तोच, डबे तेच. वरचं नाव तेवढं बदलायचं.

"आणि वहिनी काय म्हणाल्या?"

"तिला कशाला विचारायचं? तेल तर तिलाच काढायचंय."

ते हे रागानं म्हणाले असते तर मला एवढा धक्का बसला नसता. ते अगदी साधेपणानं म्हणाले. आपण कुणाचं काही घेतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मीच काहीतरी अवघड विचारतेय, असं बघत होते माझ्याकडं.

मला काय करावं सुचेना. नियमानं गिऱ्हाईक तेच होते. नाव त्यांच्या नोंदीवर, पैसे त्यांचे, मुदतीच्या आत आलेले, बोहनीसुद्धा द्यायला तयार. नाही म्हणावं तर पाटी खोटी, आणि या धंद्यात पाटी एकदा खोटी ठरली की उद्या देगलूर-किनवटहून माणूस कशाच्या भरवशावर येणार? हो म्हणावं तर "छापा की, नाव तुमचंच आहे" हा माझा शब्द खोटा. तिकडं डब्यांवर कागद चिकटत असणार. वडिलांचं म्हणणं मी आयुष्यभर पाळलं होतं, पण त्यांच्या दुकानात एकीची साडी दुसराच कुणी परत करायला आला होता का, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

मी त्यांना स्वच्छ सांगितलं, "बालाजीराव, नाव परत केलं की ते सुटतं. मग कुणीही उचलेल. जुगारवालाही उचलेल. तुम्हाला ते पुन्हा मिळेलच असं नाही. चालेल?"

ते हसले. "उचलू द्या की. बाईच्या नावाला कोण विचारतंय?"

मी उठून गॅलरीत गेले आणि हदगावला फोन लावला. शेवंताबाईंना सगळं सांगितलं. पलीकडं घाणा बंद झाल्यासारखं वाटलं. मग म्हणाल्या, "कागद कालच चिकटवले, ताई. डबे गेले हैदराबादला."

लगेच त्यांनीच पुढं विचारलं,

"भावजीला पैसे वापस मिळाल्यावर नाव कुठं जातं?"

"कुठं जात नाही. कुणाचंच राहत नाही. ज्यानं आधी घेतलं त्याचं."

"कुणी बी घ्यावं?"

"कुणीबी."

"मग मी घेते की," शेवंताबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं मी या धंद्यात, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! खुद्द नावाची मालकीण गिऱ्हाईक होऊ शकते, हे मला घाण्यापुढं बसलेल्या बाईनं सांगावं! बचत गटाच्या कामासाठी त्यांच्या फोनमध्ये ई-मेल उघडलेला होता. तो त्यांनी सांगितला, पैसेही फोनवरून लगेच पाठवले. "व्हईल ना वो, ताई?" एवढंच दोनदा विचारलं. मी होईल म्हटलं, पण मधल्या वेळात ते नाव कुणी टिपलं तर माझ्या हातात काही नव्हतं.

आत येऊन बालाजीरावांचं बालाजी तेल आधी नोंदवलं आणि मग जुनं नाव परत केलं. पैसे परत गेल्याचा निरोप त्यांच्या फोनवर वाजला. ते खूश झाले. मी लगेच शेवंताबाईंचं नाव शोधलं. 'उपलब्ध नाही.' पुन्हा शोधलं. उपलब्ध नाही. नाव सुटायला थोडा वेळ लागतो हे मला माहीत होतं, पण त्या वेळी माहीत असून उपयोग काय! लातूरच्या सरांचं ते पान, ते फासे, त्या नाचऱ्या बाया, आणि त्यावर आता शेवंताबाईंचं नाव, असं सगळं डोळ्यापुढं येऊ लागलं. बालाजीराव काहीबाही बोलत होते, मी नुसतं हूं हूं करत बटण दाबत होते.

आणि एकदम ते 'उपलब्ध' झालं. मी इतक्या जोरात "देवा!" म्हणाले की बालाजीराव दचकून उठले. मी नाव घेतलं, शेवंताबाईंच्या ई-मेलवर, त्यांच्या नंबरवर, आणि खुर्चीला टेकले.

लपवून ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मी बालाजीरावांना सांगून टाकलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. "ह्यो तर दगाच झाला, ताई! तुमच्यावर इश्वास ठिवला मी."

"तुमचे पैसे मिळाले?"

"मिळाले."

"कारण विचारलं मी?"

"न्हाई."

"मग? तुम्ही माल परत केलात. परत आलेला माल कुणी घ्यायचा हे परत करणारा ठरवत नसतो." हे मी तोऱ्यात म्हटलं खरं, पण त्यांच्या तोंडाकडं न बघता.

त्यांनी तिथूनच भावजयीला फोन लावला. ऐकायला कमी येत असेल किंवा मला ऐकवायचं असेल, पण फोन मोठ्या आवाजावर टाकला. "वहिनी, काय करून बसल्या हो तुम्ही? आता माझं नाव घेतलंय त्याचं काय करू?"

भांडण होणार म्हणून मी जीव मुठीत धरून ऐकत होते. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "भावजी, तुमच्या नावाचं बी काढा की तेल. दुपारचा घाणा रिकामाच असतोय. तुमचं तुम्ही काढा, तुमचं नाव लावा. म्या काय नाही म्हणते का?"

बालाजीराव फोनकडं बघत राहिले. घाण्यावर आपण बसायचं, हा विचार त्यांना आयुष्यात शिवला नसावा. "बरं" म्हणाले, फोन खिशात घातला, गमज्यानं तोंड पुसलं आणि गाडीला निघून गेले. आपलं नवं नाव परत करायला ते येतील म्हणून मी वाट बघत होते. मुदत गेली तरी आले नाहीत.

शेवंताबाई आल्या त्या पुढं महिन्याभरानं, हैदराबादच्या गाडीत डबे चढवून देऊन. मी मनात एक धिप्पाड बाई उभी केली होती. आली ती माझ्या खांद्याला लागेल एवढी, हातांना तेलाचा वास, डोक्यावरचा पदर सावरत दारातच उभी. मी खुर्ची दिली तर अगदी कडेवर बसली. भावजी कसे आहेत, मी विचारलं. "दुपारी शेंगाचं तेल काढतेत. चांगलं निघतं त्यांचं," ती म्हणाली. मग म्हणाली, "ताई, माझं नाव कुठं लिवलंय ते दावा एकदा."

मी कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. नोंदीचं पान उघडलं. तिनं बोट काचेला न लावता एकेक अक्षर वाचलं. शेवंता. मग आडनाव. मग गाव, मग फोन. खाली काही आहे का म्हणून तिनं वाकून बघितलं.

"आन् मालकाचं नाव?"

"तुम्हीच मालक."

"तसं न्हवं. ह्यांचं. नवऱ्याचं. कुठं घातलं?"

"ते विचारत नाहीत."

"म्हंजे तुम्ही राहिलात घालायचं?"

"नाही हो. तिथं जागाच नाही त्याला. नाव आणि आडनाव, बस्स."

तिला ते खरं वाटेना. रेशनकार्डावर, बँकेत, दवाखान्यात, गटाच्या पासबुकात, लग्नाच्या आधी बापाचं आणि नंतर नवऱ्याचं नाव लावल्याशिवाय कुणी तिचा कागद घेतला नव्हता. तिनं दोनदा विचारलं, "विचारतच न्हाईत?" आणि दोनदा मी मान हलवली. घाबरावं की हसावं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"जलमल्यापासून माझं नाव असं एकटं म्या कुठं बघितलंच न्हाई," ती म्हणाली.

मी खिडकी बंद करायला माउसकडं हात नेला, तर तिनं माझा हात धरला. तेलकट, राठ, गरम हात.

"ऱ्हाऊ द्या की थोडा वेळ."

बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी त्यांना खोळंबू दिलं.